सायकलचा सीट पोस्ट: बसवायचा कसा, सांभाळायचा कसा

सायकल नवीन घेतली की ब्रेक, गिअर, टायरची हवा याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ज्या दांड्यावर आपण बसतो तो सीट पोस्ट मात्र एकदा वरखाली करून विसरला जातो. यात एक अडचण आहे. या दांड्याचा जो भाग आपल्याला दिसतो तो सहसा ठीकच असतो. घोटाळा होतो तो फ्रेमच्या नळीत शिरलेल्या भागात. तिथे दांडा किती खोल गेलाय, मापाचा आहे का, त्याला ग्रीस आहे की गंज, हे बाहेरून कळत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्या आतल्या भागाबद्दल आहे.

आधी नावं सांगून टाकतो. फ्रेममधल्या ज्या उभ्या नळीत दांडा शिरतो ती सीटची नळी. तिच्या तोंडाशी एक उभी खाच असते आणि भोवती कडं असतं, तो क्लॅम्प. क्लॅम्प आवळला की खाच मिटते आणि नळी दांड्याला चारी बाजूंनी धरते. दांड्याच्या माथ्यावर आणखी एक पकड असते, तिच्यात सीटखालच्या दोन सळ्या, म्हणजे रेल, अडकवतात. एवढ्या तीन गोष्टी कळल्या की बाकीचं सोपं आहे.

माप: ०.२ मिलिमीटरने काय बिघडतं?

बरंच काही. सीट पोस्ट वेगवेगळ्या व्यासांचे येतात. सगळ्यात जास्त आढळणारं माप २७.२ मिमी. माउंटन बाइकवर ३०.९ आणि ३१.६ मिमी सर्रास दिसतात, काही फ्रेमना ३४.९ लागतो, जुन्या आणि साध्या स्टीलच्या सायकलींवर २५.४ मिमी. मधली मापंही आहेत: २६.४, २६.६, २६.८, २७.०. म्हणजे शेजारशेजारच्या दोन मापांत फरक फक्त ०.२ मिमीचा, डोळ्याला अजिबात न दिसणारा.

मी सुरुवातीला २७.२ च्या फ्रेममध्ये २७.० चा दांडा घातला होता. आत गेला, क्लॅम्पही आवळला गेला, सगळं ठीक वाटलं. पण दर दोन-तीन किलोमीटरला सीट बोटभर खाली यायची. मी दर वेळी बोल्ट आणखी आवळत गेलो आणि शेवटी बोल्टचे आटे गेले. दोष बोल्टचा नव्हताच. नळी आणि दांडा एकमेकांना फक्त क्लॅम्पच्या रेषेवर टेकत होते, खाली सगळीकडे पोकळी होती. अशा वेळी क्लॅम्प कितीही आवळा, उपयोग नसतो, आणि नळीचं तोंड मात्र वाकडं होतं.

म्हणून माप वाचा. जुन्या दांड्याच्या खालच्या भागात, जो एरवी नळीत लपलेला असतो, तिथे ते बहुतेक वेळा कोरलेलं असतं. खोडलं गेलं असेल तर व्हर्निअर कॅलिपरने दांडा दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण ओरखड्यांवर चुकीचा आकडा येतो. साध्या पट्टीने हे मोजता येत नाही, तो प्रयत्न करू नका. जुना दांडा मुळातच चुकीचा असू शकतो, तेव्हा फ्रेमच्या माहितीपत्रकात दिलेलं माप असेल तर तेच खरं मानावं.

योग्य मापाचा दांडा हाताने, हलकं पिळत, एकसारख्या अडथळ्याने आत जातो. हातोडीची गरज पडली तर थांबा: एकतर माप मोठं आहे, नाहीतर नळीच्या काठावर रंगाचा थर किंवा धातूची कोर राहिली आहे. उलट दांडा स्वतःच्या वजनाने सर्रकन खाली गेला आणि बाजूला हलवल्यावर खटखट वाजला तर माप लहान आहे. अशा वेळी पत्र्याची पट्टी गुंडाळून तो घट्ट करण्याची जुनी युक्ती अनेकजण सांगतील. कृपया करू नका. पट्टी एका बाजूला सरकते आणि दांड्यावरचा सगळा भार एका रेषेवर येतो. मोठ्या नळीत लहान दांडा बसवायचाच असेल, उदाहरणार्थ ३१.६ मध्ये २७.२, तर त्यासाठी खास बनवलेली शिम मिळते: नेमक्या जाडीची, आठ-दहा सेंटिमीटर लांब, वर कॉलर असलेली. तीच वापरा. ०.२ मिमीच्या फरकावर मात्र योग्य मापाचा दांडा आणणं हाच इलाज.

किती आत जायला हवा

या लेखातलं एकच कलम वाचणार असाल तर हे वाचा.

प्रत्येक सीट पोस्टवर खालच्या बाजूला एक आडवी रेघ असते. तिच्यापाशी इंग्रजीत ‘मिनिमम इन्सर्ट’ किंवा ‘मॅक्स हाइट’ लिहिलेलं असतं. ही रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली, तर दांडा धोकादायक उंचीवर आहे. अर्धा सेंटिमीटर चालून जाईल असं इथे नसतं.

का, ते एका ढोबळ हिशेबाने बघू. सीटची नळी सरळ उभी नसते. जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून ती मागे झुकलेली असते. त्यामुळे आपलं वजन दांड्याला फक्त खाली दाबत नाही, थोडं मागेही वाकवतं. सीटवर ६० किलो भार असेल तर त्यातले साधारण साडेसतरा किलो दांड्याला आडवे लागतात. दांडा नळीबाहेर २४ सेंटिमीटर असेल तर तो चांगला लांब तरफ झाला. आता तो आत १२ सेंटिमीटर असेल तर त्याचं खालचं टोक नळीच्या पुढच्या भिंतीला साधारण ३५ किलोने रेटतं. फक्त ६ सेंटिमीटर आत असेल तर तोच रेटा ७० किलोचा होतो. नळीच्या वरच्या काठाला तर याहूनही थोडं जास्त सोसावं लागतं. हे सगळं सपाट रस्त्यावर शांत बसलेल्या माणसाचं गणित झालं. खड्ड्यात चाक गेलं की आकडे क्षणभर कितीतरी वर जातात.

आतली लांबी निम्मी केली की रेटा दुप्पट. हे एकदा डोक्यात बसलं की ती रेघ कोणीतरी उगाच काढलेली वाटत नाही.

दांड्यावरची रेघ दांड्यापुरती बोलते, फ्रेमचं तिला ठाऊक नसतं. काही फ्रेममध्ये सीटची नळी आडव्या नळीच्या, म्हणजे सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या, बरीच वर निघालेली असते. तिथे रेघ आत गेली तरी दांड्याचं टोक आडव्या नळीच्या जोडाच्या वरच राहू शकतं, आणि मग सगळा रेटा नळीच्या त्या एकट्या, आधार नसलेल्या तुकड्यावर येतो. जोडाजवळ फ्रेमला चीर जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. म्हणून दोन्ही अटी पाळा: रेघ आत हवी, आणि दांड्याचं खालचं टोक आडव्या नळीच्या खालच्या कडेच्याही खाली दोन-तीन सेंटिमीटर तरी पोचायला हवं. दांडा बाहेर काढून नळीशेजारी बाहेरून धरून पाहिला की हे लगेच समजतं. फ्रेम बनवणाऱ्याने याहून जास्त खोली सांगितली असेल तर ती पाळायची.

तुमच्या उंचीला सीट पुरत नसेल आणि रेघ बाहेर येत असेल, तर लांब दांडा घ्या. ३५० आणि ४०० मिमी लांबीचे सहज मिळतात. तरीही पुरत नसेल तर फ्रेमच तुम्हाला लहान आहे.

उलट अडचणही येते. सीट खाली घ्यायची आहे, पण दांडा आत जाऊन कशावर तरी अडतो. नळीत बाटलीच्या स्टँडचे बोल्ट बाहेर आलेले असतात, कधी नळीच वाकलेली असते. ठोकून पुढे नेऊ नका. साधा अॅल्युमिनियमचा दांडा खालून करवतीने कापता येतो, कापल्यावर कड कानशीने आत-बाहेर गुळगुळीत करावी लागते. पण एक ध्यानात ठेवा: कापल्यावर कंपनीची रेघ निरुपयोगी होते, कारण ती खालच्या टोकापासून मोजलेली असते. जेवढा कापला तेवढीच नवी रेघ वर सरकवून कायमच्या शाईने काढा.

ग्रीस, पेस्ट, की कोरडंच

धातूचा दांडा धातूच्या फ्रेममध्ये बसवताना ग्रीस लावायचंच. दांडा घसरेल अशी भीती वाटते, पण माप बरोबर असेल तर ग्रीसने घसरत नाही. ग्रीसचं खरं काम पाणी बाहेर ठेवण्याचं. अॅल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलची फ्रेम यांच्यामध्ये ओल शिरली, विशेषतः घामाची खारी ओल, की दोन धातूंमध्ये एक लहानसा विद्युत घटच तयार होतो. अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी बनते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे दांडा नळीत पाचरीसारखा गच्च होतो. वर्षभर न काढलेला दांडा दोन माणसांनी पिळूनही हलत नाही, तो याच्यामुळे. टायटॅनियमच्या फ्रेमसाठी ग्रीसऐवजी अँटी-सीझ नावाचं मलम वापरतात.

कार्बनचं मात्र वेगळं. दांडा किंवा फ्रेम, दोघांपैकी एक जरी कार्बनचं असलं तरी साधं ग्रीस लावायचं नाही. कार्बन गुळगुळीत असतं. ग्रीस लावलं की ते धरण्यासाठी बोल्ट जास्त आवळावा लागतो, आणि जास्त आवळणं कार्बनला सोसत नाही. त्यासाठी कार्बन असेंब्ली पेस्ट मिळते. तिच्यात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पकड बसते. शिवाय ती अॅल्युमिनियम आणि कार्बन यांच्यामध्ये एक थर धरून ठेवते. त्यांच्यातही गंजाचं तेच भांडण असतं.

आता बसवू या

साहित्य फार लागत नाही: ४ आणि ५ मिमीची ॲलन की (काही पोस्टना ६ मिमीची लागते), स्वच्छ फडकं, ग्रीस किंवा पेस्ट, मोजपट्टी, चिकटपट्टी. जमलं तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना. कार्बनसाठी तो हवाच.

जुना दांडा काढण्याआधी त्याच्याभोवती नळीच्या काठाला लागून चिकटपट्टी गुंडाळा. उंची जपून ठेवायचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही. मग क्लॅम्प सैल करून दांडा पिळत वर ओढा. नळीत फडकं घालून आतली घाण, जुनं काळं ग्रीस, वाळू पुसून काढा. फडक्याचं एक टोक हातात घट्ट धरा, आत पडलं तर काढणं कठीण. नळीच्या तोंडावर बोट फिरवून टोचणारी कोर आहे का बघा आणि असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून टाका.

नळीच्या आत वरच्या आठ-दहा सेंटिमीटरला आणि दांड्याच्या आत जाणाऱ्या भागाला ग्रीसचा (कार्बन असेल तर पेस्टचा) पातळ थर लावा. बोल्टच्या आट्यांनाही थेंबभर. कोरडा बोल्ट आवळताना खूप घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात पकड कमीच असते. क्लॅम्प नळीच्या काठावर सपाट बसवा. त्याची फट आणि फ्रेमची खाच एका रेषेत ठेवायची की विरुद्ध बाजूंना, हे फ्रेमप्रमाणे बदलतं. बऱ्याच कार्बन फ्रेमना विरुद्ध ठेवायला सांगितलेलं असतं. माहितीपत्रक बघा.

दांडा आत घाला, खुणेपर्यंत आणा. मागे उभं राहून वरून सीटचं नाक आणि आडवी नळी एका रेषेत आहेत का पाहा. मग बोल्ट आवळा.

किती? आकडा क्लॅम्पवरच कोरलेला असतो, बहुतेक वेळा ४ ते ७ न्यूटन मीटरच्या दरम्यान, आणि तो कमाल मर्यादा म्हणून वाचायचा. ५ न्यूटन मीटर म्हणजे काय याचा अंदाज असा: १० सेंटिमीटर लांब ॲलन कीच्या टोकाला ५ किलोचं वजन टांगलं तर जेवढा जोर पडेल तेवढा. मनगटाचा जोर झाला हा, खांद्याचा नव्हे. नवशिक्यांच्या हातून कमी आवळण्यापेक्षा जास्त आवळण्याच्या चुका अधिक होतात, आणि त्याच महागात पडतात. दांडा घसरत असेल तर आधी माप तपासा, मग स्वच्छता, मग पेस्ट. आणखी जोर लावणं या यादीत येतच नाही.

क्लॅम्पला बोल्टऐवजी हाताने उघडता-मिटता येणारा क्विक रिलीजचा दट्ट्या असेल तर तो नटासारखा गोल फिरवून आवळायचा नसतो, हे सांगायलाच हवं, कारण मी असे कितीतरी दट्टे पाहिले आहेत. दट्ट्या उघडा ठेवून समोरचा नट हाताने थोडा आवळा, मग दट्ट्या मिटा. अर्ध्या वाटेवर, तो सरळ बाहेर आलेला असताना, विरोध जाणवायला लागला पाहिजे. पूर्ण मिटताना तळव्यावर त्याचा ठसा उमटला म्हणजे जोर बरोबर. सहज मिटला तर उघडून नट अर्धा फेरा आणखी.

माथ्यावरची पकड आणि उंची

सीटच्या रेल बहुधा ७ मिमी जाडीच्या गोल सळ्या असतात. कार्बनच्या रेल लंबगोल आणि जास्त उंच, ७ गुणिले ९ मिमीच्या, त्यांना वेगळी पकड लागते. साध्या पकडीत दाबल्या तर चिरतात. रेलवर पुढच्या आणि मागच्या मर्यादेच्या खुणा असतात, पकड त्यांच्या मध्येच हवी, वाकलेल्या भागावर कधीच नाही. दोन बोल्टची पकड असेल तर आळीपाळीने थोडं थोडं आवळा. एका बोल्टच्या पकडीत बारीक दाते असतात, ते एकमेकांत नीट बसले आहेत याची खात्री करूनच शेवटचा जोर लावा. दातावर दात चढलेला असताना आवळलं की पहिल्याच खड्ड्यात सीटचं नाक वर होतं. या एकाच बोल्टला क्लॅम्पपेक्षा बराच जास्त जोर लागतो, तोही आकडा तिथेच लिहिलेला असतो.

उंचीसाठी भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला न झुकता. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. आकड्यात हवं असेल तर १९८६, १९८९ आणि १९९० साली टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झालेलं सूत्र आहे: अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचं. उत्तर म्हणजे पेडलच्या दांड्या (क्रँक) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंतचं अंतर. उंची ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. सुरुवात इथून करा, पुढचा अर्धा-एक सेंटिमीटर तुमचे गुडघे ठरवतील. सीट सपाट ठेवा.

रस्त्यावर जाण्याआधी सीटला दोन्ही हातांनी धरून पिळून बघा, मग तिच्यावर शरीराचा सगळा भार टाकून दाबा. हलली तर अजून काम बाकी आहे. नळीच्या काठाला लागून नवीन चिकटपट्टी लावा, एक-दोन किलोमीटर चालवून या आणि पट्टी काठाला टेकलेलीच आहे का बघा. पहिल्या फेरीला ॲलन की खिशात असू द्या.

नंतरची देखभाल

दर दोन-तीन महिन्यांनी दांडा पूर्ण बाहेर काढायचा, पुसायचा, नवीन ग्रीस किंवा पेस्ट लावून परत घालायचा. पावसात किंवा समुद्राजवळ चालवत असाल, खूप घाम येत असेल, तर दर महिन्याला. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दांडा अडकला तर दोन दिवस जातात. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी नेमकं खाचेतून आत जातं आणि नळीतून खाली बॉटम ब्रॅकेटपर्यंत, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या भागापर्यंत, उतरतं. दांडा काढलाच आहे तर सायकल उलटी करून आत साठलेलं पाणी काढून टाका. जुन्या ट्यूबचा एक बोटभर रुंद तुकडा कापून क्लॅम्पवर रबरी मोजासारखा चढवला तर बरंच पाणी आणि चिखल बाहेरच राहतो.

याच वेळी दांडा उजेडात फिरवून तपासा. क्लॅम्प जिथे धरतो ती रेषा आणि माथा जिथे दांड्याला जोडलेला आहे ती जागा, या दोन ठिकाणी नखाने चाचपा. केसासारखी रेघ, फुगलेला रंग, दांड्याला किंचितही बाक, यातलं काही दिसलं तर त्या दांड्यावर परत बसू नका. अॅल्युमिनियम आधी सूचना देत राहत नाही. लहान लहान धक्क्यांचा हिशेब ते आतल्या आत साठवतं आणि एक दिवस एकदम तुटतं, आणि तुटलेल्या दांड्याची कडा धारदार असते. कार्बनचा दांडा जोरात पडल्यानंतर किंवा चुकून जास्त आवळल्यानंतर खास बघावा.

सीटखालून कुरकुर येत असेल तर आधी उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर तो सीट किंवा दांड्याचाच. मग रेलची पकड उघडून साफ करा, नंतर दांडा. बहुतेक वेळा आवाज सुकलेल्या मळाचा असतो.

दांडा अडकलाच तर घाई करू नका. क्लॅम्प पूर्ण काढून टाका. खाचेतून गंज सुटण्याचं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने तेल पोचवता आलं तर अधिक चांगलं. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा दांडा असेल तर थंडी मदत करते: अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून दांड्याला बर्फ लावून लगेच पिळून बघा. सीटलाच दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे छोटे हेलकावे द्या, वर ओढण्याआधी तो फिरायला हवा. कार्बनची फ्रेम असेल तर यातलं काहीही घरी करू नका, अनुभवी कारागिराकडे न्या.

तडा गेलेला किंवा वाकलेला दांडा भंगारात टाकताना आधी करवतीने मधोमध कापा. वरून तो चांगलाच दिसतो, आणि दुसऱ्या कोणीतरी उचलून आपल्या सायकलला लावू नये.